ताप उतरला, पण दुखणं का जात नाही?

"ताप काय, चार दिवसांत गेला हो! पण हे सांधे काही पाठ सोडत नाहीत बघा." पावसाळा सरत आला, की हे वाक्य नळावर, भाजीबाजारात, भिशीच्या दिवशी हमखास कानावर पडतं. कुणाला सकाळी उठल्यावर टाच जमिनीवर टेकवत नाही. कुणाच्या मनगटाला इतकी सूज, की बांगड्या चढत नाहीत. कुणाला कणीक मळवत नाही, पिळे घालून कपडे पिळवत नाहीत, कुकरचं झाकण लावताना डोळ्यांत पाणी येतं. आणि वर घरातल्यांचं ऐकायचं, "आता ताप नाही ना? मग कसलं दुखतंय?"

मैत्रिणींनो, हे दुखणं खरं असतं. त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, त्याचा अभ्यास झालेला आहे आणि ते कुणाला जास्त दिवस छळतं याचीही बऱ्यापैकी माहिती आहे. विषाणूचा ताप येऊन गेल्यावर मागे रेंगाळणाऱ्या आजारपणाबद्दल कोरोनानंतर पुष्कळ बोललं गेलं. पण आपल्या महाराष्ट्रातल्या गावांनी आणि छोट्या शहरांनी हे प्रकरण त्याच्याही कितीतरी आधी अनुभवलं आहे. ते म्हणजे चिकुनगुनिया.

बार्शीपासून सुरुवात

हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तो आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, १९५२-५३ च्या सुमारास. तिथल्या माकोंडे लोकांच्या भाषेतून हे नाव आलं आहे. दुखण्याने माणूस वाकून जातो, असा त्याचा अर्थ. त्याचा कोंबडीशी, चिकनशी काडीचा संबंध नाही. पण २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला आणि त्याच वर्षी चिकुनगुनियाची मोठी साथ आली. मग काय, 'चिकन खाल्ल्याने होतो तो चिकनगुनिया' असा समज घरोघर पसरला!

भारतात १९६३ मध्ये कोलकात्याला त्याची साथ आली. महाराष्ट्राला त्याची मोठी ओळख झाली ती १९७३ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. त्या वेळच्या पाहणीत शंभरातल्या सुमारे सदतीस जणांना हा ताप येऊन गेल्याचं दिसलं. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरात कुणीतरी आडवं पडलेलं. पुढची तीसेक वर्षं तो जणू गायबच झाला. २००५ च्या अखेरीला तो पुन्हा उगवला आणि २००६ मध्ये देशभर तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. कर्नाटकाखालोखाल महाराष्ट्राचा नंबर होता, अडीच लाखांवर रुग्ण. त्यानंतर मात्र तो आपल्याकडून पूर्णपणे कधी गेलाच नाही. मधूनमधून डोकं वर काढतो. २०२४ मध्येही राज्यात पुणे, नागपूरसह अनेक ठिकाणी रुग्ण वाढले होते.

या आजाराने मरण येणं तसं दुर्मीळ. म्हणूनच की काय, त्याला कुणी फारसं मनावर घेत नाही. पण माणसाला महिनोन् महिने निकामी करून ठेवण्यात त्याचा हात धरणारा दुसरा ताप क्वचितच सापडेल.

किती जणींना, किती दिवस?

डॉक्टर या आजाराचे तीन टप्पे मानतात. पहिले तीन आठवडे हा मूळ आजार. तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत मधला टप्पा. यात दुखणं कधी कमी, कधी जास्त होतं, बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुन्हा उलटतं. आणि तीन महिन्यांनंतरही सांधे दुखत राहिले, तर तो जुनाट चिकुनगुनिया.

आता आकड्यांचं बघू. जगभरातल्या अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी केली, तेव्हा तीन महिन्यांनंतरही दुखणं राहिलेल्यांचं प्रमाण दहांत चारांच्या आसपास निघालं. वर्ष उलटल्यावरही त्रास असलेले साधारण पाचांत एक. आकडा वाचून घाबरून जाऊ नका. हे अभ्यास बरेचसे दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्या, म्हणजे मुळातच जास्त आजारी असलेल्या लोकांचे असतात. घरोघर जाऊन पाहणी केली, की प्रमाण कमी दिसतं. सोलापूर जिल्ह्यातल्याच एका गावात २००६ च्या साथीनंतर पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी दोन वर्षं पाठपुरावा केला होता. तिथे बहुतेक गावकरी पूर्ण बरे झाले, दुखणं कायम राहिलं ते थोड्यांचंच.

थोडक्यात, बहुतेक जणी बऱ्या होतात. पण ज्या आठवड्यात बऱ्या होत नाहीत, त्या काही एकट्यादुकट्या नसतात. एखाद्या गल्लीत पन्नास जणांना ताप आला, तर त्यात महिना-दोन महिने लंगडणाऱ्या चार-पाच जणी सहज सापडतील. त्यांना वाटत असतं, आपल्यालाच काहीतरी भलतं झालंय.

धोका कुणाला जास्त?

अभ्यासांतून वारंवार पुढे आलेल्या गोष्टी अशा :

पहिली, वय. लहान मुलं आणि तरुण लवकर सावरतात. चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडली, की दुखणं रेंगाळण्याची शक्यता वाढते.

दुसरी, पहिल्या आठवड्यातला जोर. ज्यांना सुरुवातीलाच खूप ताप होता, एकाच वेळी अनेक सांधे धरले होते, सूज होती, त्यांना पुढे जास्त काळ त्रास होतो.

तिसरी, आधीच दुखावलेले सांधे. गुडघ्यांची झीज, जुना संधिवात, कधीकाळी मोडलेलं मनगट, अशा जागा हा आजार बरोबर हेरतो. मधुमेह असलेल्यांनाही जास्त त्रास होत असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे.

आणि चौथी गोष्ट म्हणजे बाई असणं! होय, दुखणं रेंगाळणाऱ्यांमध्ये स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. आपली प्रतिकारशक्ती काही बाबतींत पुरुषांपेक्षा जोरकस असते. तीच कधीकधी उलटून आपल्याच सांध्यांवर येते. आमवातासारखे आजार बायकांमध्ये दोन-तीन पटींनी जास्त आहेत, ते काही उगाच नाही. त्यात आपल्याकडे विश्रांतीचा प्रश्न. तापातून उठलेला पुरुष आठ दिवस खाटेवर पडू शकतो. तापातून उठलेली बाई दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभी असते.

कोरोनाच्या बाबतीतही चित्र बरंचसं असंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कोरोना झालेल्या शंभरांपैकी सुमारे सहा जणांना दीर्घकाळ चालणारा त्रास होतो. थकवा, धाप, विसराळूपणा, झोप न लागणं, असं त्याचं स्वरूप. तिथेही बायकांना, वय जास्त असलेल्यांना आणि मूळ आजार तीव्र असलेल्यांना धोका अधिक. विषाणू वेगळा, पण मागे ठेवलेली पावलं ओळखीची.

'मनाचे खेळ' नव्हेत

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. तपासण्या केल्या, एक्स-रे काढला, सगळं नॉर्मल आलं, की "हिच्या मनातच आहे" असा शिक्का बसतो. सासूबाई म्हणतात, "आम्हाला नाही का ताप आले?" नवरा म्हणतो, "डॉक्टर तर म्हणाले काही नाही." मग ती बिचारी दुखणं सांगायचंच सोडून देते.

ऑस्ट्रेलियात डब्बो नावाचं एक आडबाजूचं गाव आहे. आपल्या तालुक्याच्या गावासारखंच. तिथल्या डॉक्टरांच्या मदतीने संशोधकांनी तीन वेगवेगळ्या संसर्गांच्या २५३ रुग्णांवर आजाराच्या पहिल्या दिवसांपासून लक्ष ठेवलं. त्यातला एक होता रॉस रिव्हर ताप. हा डासांमुळे होणारा, चिकुनगुनियाचा चुलतभाऊच म्हणा ना. सहा महिन्यांनंतर शंभरांतल्या बारा जणांना थकवा आणि अंगदुखीने अजून सोडलेलं नव्हतं. तिन्ही संसर्गांत प्रमाण साधारण सारखंच. मग हे बारा जण कोण होते? रडव्या स्वभावाचे? काळजी करणारे? तसं काही निघालं नाही. ज्यांचा मूळ आजार जोराचा होता, तेच जास्त करून मागे रेंगाळले. स्वभावाचा त्यात हात दिसला नाही. हा अभ्यास २००६ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'नाटक करते' म्हणालं, तर हे जरूर सांगा. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. सांध्याच्या आतल्या मऊ आवरणाला आलेली सूज त्यात दिसत नाही. चिकुनगुनियाचा विषाणू स्नायूंना आणि सांध्यांच्या आवरणालाच धरतो. विषाणू रक्तातून आठवड्याभरात निघून गेला, तरी त्याच्याशी लढायला उठलेली शरीराची फौज तिथे तळ ठोकून राहते. घरी परतायचा हुकूम तिला मिळालेलाच नसतो. सकाळी उठल्यावर हात-पाय आखडलेले आणि दुपारपर्यंत मोकळे, असं होतं ते या सुजेमुळे.

चेहऱ्यावर, विशेषतः नाकावर काळपट डाग पडला म्हणूनही कित्येक जणी घाबरतात. हा चिकुनगुनियात दिसणारा प्रकार आहे. काही आठवड्यांत, महिन्यांत तो फिकट होत जातो. त्यावर बाजारातली गोरेपणाची क्रीम चोपडू नका.

आधी नक्की काय झालंय ते कळू द्या

ताप आणि अंगदुखी म्हणजे चिकुनगुनियाच असं नव्हे. तोच डास डेंग्यूही पसरवतो आणि डेंग्यूत जिवाला धोका असतो. म्हणून ताप आल्या आल्या दुकानातून दुखण्याची गोळी आणून घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्राव होण्याची भीती असते. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. पाणी, सरबत, पेज, ताक भरपूर.

चिकुनगुनियाची रक्तातली आयजीएम तपासणी तापाच्या पाचव्या दिवसानंतर खात्रीची ठरते. पहिल्या-दुसऱ्या दिवशी केली तर ती 'नाही' असं सांगू शकते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तयार झालेले तपासणी संच ठरावीक सरकारी रुग्णालयांना पुरवले जातात. तेव्हा खासगीत पैसे ओतण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. आशाताईंना विचारलंत तरी त्या सांगतील.

दिवस भरत आलेल्या गर्भवतीला ताप आला, तर मात्र क्षणाचाही वेळ घालवू नका. प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू असेल, तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते आणि नवजात बाळासाठी हा आजार गंभीर ठरू शकतो. हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटावर २००५-०६ मध्ये एक तृतीयांश लोकांना चिकुनगुनिया झाला, तेव्हा हे ठळकपणे दिसून आलं. अशी प्रसूती रुग्णालयातच आणि बाळावर पुढचे काही दिवस डॉक्टरांची नजर हवीच. आईचं दूध मात्र बंद करायचं कारण नाही.

सुई आणि पुडीचा मोह

साथीच्या दिवसांत गावोगाव 'एका सुईत मोकळं करणारे' उगवतात. सुई टोचली, की खरोखरच तासाभरात हात वर जातो. बाई आनंदाने घरी येते, दोन दिवस धुणीभांडी करते आणि चौथ्या दिवशी पुन्हा जैसे थे. मग पुन्हा सुई. या सुयांत आणि कागदात बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य माणसाला, योग्य वेळी, मोजून दिलं तर ते कामाचं आहे. पण बेहिशेबी घेतलं, तर साखर वाढते, रक्तदाब वाढतो, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं, तर तेही धोक्याचं.

दुखण्याच्या गोळ्यांचंही तेच. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा आम्लपित्ताचा त्रास असेल, तर महिनाभर रोज गोळी खाणं महागात पडू शकतं. म्हणून एक नियम करा. औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी दिली तरच औषध घ्यायचं. नाव न सांगणाऱ्याची पुडी घ्यायची नाही.

घरच्या घरी काय कराल?

सुरुवातीला सांधा गरम आणि सुजलेला असतो, तेव्हा शेक नको, गार पाण्याच्या पट्ट्या बऱ्या वाटतात. सूज ओसरून नुसता आखडलेपणा उरला, की सकाळी कोमट पाण्यात हात-पाय बुडवून बोटं हळूहळू उघडझाप करा. ताप गेल्यावर खाटेला खिळून राहू नका, पण एकदम दिवाळीची साफसफाईही काढू नका. दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं सांधे सगळ्या बाजूंनी फिरवणं, अंगणात थोडं चालणं, इतकं पुरे.

थकव्याचा हिशेब पैशासारखा ठेवा. आज बरं वाटलं म्हणून सगळं काम उरकलं आणि पुढचे दोन दिवस आडवं पडावं लागलं, असं होत असेल तर तुम्ही रोजच्या कमाईपेक्षा जास्त खर्च करताय. कामं वाटून घ्या. पोळ्या बसून लाटा, पाण्याच्या कळशीऐवजी छोटी बादली घ्या, जड कपडे पिळायला दुसऱ्याला सांगा. उकिडवं बसणं काही दिवस टाळा. शौचालयात खुर्ची ठेवता आली तर फार सोपं जातं.

पथ्याच्या नावाखाली दही बंद, आंबट बंद, वांगं बंद, असं करत करत पानात काही उरत नाही. तापाने आधीच अंग झिजलेलं असतं. डाळ, उसळ, शेंगदाणे, अंडी, दूध, पालेभाजी, जे परवडेल ते पोटभर खा. शिवाय सगळा थकवा चिकुनगुनियाच्या माथी मारू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. महिना-दीड महिन्याने थकवा असेलच, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर एकदा तपासून घ्या. यातलं काही निघालं, तर त्यावर साधा उपाय असतो.

तीन महिने होऊनही सांधे सुजत असतील, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त टिकत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. काही जणींमध्ये हे दुखणं आमवाताचं रूप घेतं आणि त्याची औषधं वेळेवर सुरू झाली तर सांधे वाचतात. पुन्हा ताप येणं, डोळे लाल होऊन अंधूक दिसणं, हातापायांत बधिरपणा, धाप लागणं, यांपैकी काहीही झालं तर तीन महिन्यांची वाट पाहू नका.

मूळ आहे आपल्या पिंपात

या आजारावर विषाणू मारणारं खास औषध नाही. परदेशात २०२३ मध्ये पहिल्या लशीला मान्यता मिळाली, पण आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. तेव्हा उरला तो डास. हा एडिस डास गटारात नव्हे, तर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि चावतो तो दिवसा, म्हणजे नेमकी आपण घरात असताना.

चार-चार, आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावांत पाणी साठवू नका म्हणणं सोपं, करणं अवघड. पण रांजण, पिंप, हौद घट्ट झाकता येतो. झाकण नसेल तर जुन्या साडीचं दुहेरी कापड दोरीने बांधा. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्याआधीच त्याची साखळी तोडायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून काथ्याने घासून घ्या. फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचे टायर, कुत्र्या-मांजराची पाण्याची वाटी, सगळं बघा. रिकामा करता येणार नाही अशा हौदात गप्पी मासे सोडा. घरात कुणाला ताप असेल, तर पहिला आठवडा त्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, म्हणजे त्याला चावलेला डास दुसऱ्याला चावणार नाही.

आणि शेवटचं, घरातल्या इतरांसाठी. हे पान वाचून झालं, की ते टेबलावर उघडं ठेवा, म्हणजे त्यांच्याही नजरेस पडेल. तुमच्या घरातली बाई दुखतंय म्हणते, तेव्हा तिला आधी खुर्ची द्या, मग प्रश्न विचारा. महिनाभर धुणं कुणी घालायचं, पाणी कुणी भरायचं, हे एकदा बसून ठरवा. बहुतेक जणी यातून पूर्ण बऱ्या होतात. त्यासाठी वेळ लागतो आणि तो वेळ तिला घरानेच काढून द्यायचा असतो.